आठ दिवसांची भाजी

औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण, आळंद. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या या पट्ट्यात एकाच ओसरीवर मराठी, कन्नड आणि दखनी बोलली जाते आणि असंख्य घरांचा स्वयंपाक आजही आठवडी बाजारावर चालतो. बाजारच्या दिवशी पिशव्या भरून भाजी येते, ती पुढच्या बाजारापर्यंत पुरवायची असते. मधल्या दिवसांत गावातल्या दुकानात कांदे-बटाटे मिळतात, एखादी भाजीवाली दारावर येते. पण मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, मिरच्या यांचा खरा साठा बाजाराचाच. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर काळवंडते, चौथ्या दिवशी टोमॅटो पाझरू लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी घरातल्या बाईला पुन्हा बेसन नाहीतर डाळच शिजवावी लागते. फ्रिज असला तरी उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते, आणि वीज असली तरी सगळ्याच भाज्यांना फ्रिज मानवत नाही.

या प्रकरणात त्या आठ दिवसांचा विचार करू. महागडी साधनं लागत नाहीत. भाजीला काय हवं असतं हे कळलं आणि बाहेरची हवा आज कोरडी आहे की दमट हे पाहिलं, की बरंचसं काम होतं.

झाडावरून तोडली म्हणजे भाजी मेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेथीची जुडी, वांगं, पेरू, कांदा हे सगळे तोडल्यानंतरही जिवंत असतात आणि श्वास घेत राहतात. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते आपल्या पेशींतली साखर जाळतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. घट्ट बांधलेल्या मेथीच्या गाठोड्यात मधोमध हात घाला, आत गरम लागेल. ती उष्णता उन्हाची नसते, भाजीच्या श्वासाची असते. मुळं तुटलेली असल्यामुळे ही साखर पुन्हा भरून येत नाही, आणि पानांतून उडून जाणारं पाणीही भरून येत नाही. काकडीत जवळपास 95 टक्के पाणी असतं, पालकात 91 टक्क्यांच्या आसपास. पालेभाजीने आपल्या वजनाच्या पाच टक्क्यांइतकं पाणी गमावलं की ती मान टाकते. म्हणजे एक किलो भाजीतून अवघं 50 ग्रॅम पाणी उडालं, एवढ्यावर ती शिळी दिसू लागते.

या दोन्ही गळत्या उष्णतेने वाढतात. साधारणपणे दर 10 अंश सेल्सियसला श्वासाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. बिदर शहर लालसर जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर वसलेलं आहे. कलबुर्गी त्याहून बरंच खाली, काळ्या मातीच्या सपाट रानात. त्यामुळे बिदरच्या रात्री थोड्या सुसह्य असतात, तर मे महिन्यात कलबुर्गीचा पारा 42 अंशांच्या पुढे सहज जातो. तिथे दुपारी ओट्यावर ठेवलेली पालेभाजी संध्याकाळपर्यंत टिकली तर नशीब म्हणायचं.

पण याच उन्हाळ्यात या भागाच्या हातात एक मोठी देणगी असते आणि ती आपण पुरेशी वापरत नाही, याची मला फार खंत वाटते. ती म्हणजे कोरडी हवा.

माठातलं पाणी गार का होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगाला येऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खर्च होते. विजेच्या हिशेबाने पाऊण युनिटच्या जरा खाली. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी जलद उडतं आणि भांडं तितकं गार पडतं. याची हद्दही मोजता येते. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरला की पारा जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. कलबुर्गीच्या मे महिन्यातली दुपार घ्या. हवेचं तापमान 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा सुमारे 24 अंशांवर उतरतो. तब्बल 18 अंशांचा फरक! जुलैतल्या एखाद्या ढगाळ दिवशी मात्र तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर तोच पारा 27 अंशांपर्यंतच येतो. फरक जेमतेम तीन अंशांचा. मे महिन्यात जे भांडं जादू करतं ते जुलैत निरुपयोगी का ठरतं, हे या दोन हिशेबांत आलं. कोकणातल्या घराला उन्हाळ्यातही ही सोय इतकी साधत नाही, कारण तिथली हवा तेव्हाही दमट असते. बिदर-कलबुर्गीला ती साधते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसा इन्स्टिट्यूटमध्ये, 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुशांत रॉय आणि डी. एस. खुर्डिया या शास्त्रज्ञांनी याच तत्त्वावर विजेशिवाय चालणारी शीतकोठी तयार केली. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वरून ओल्या गोणपाटाचं झाकण आणि उन्हापासून आडोसा म्हणून गवताचं छप्पर. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, एवढंच. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहतं आणि आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास टिकते. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण दमट हवेत पानातलं पाणी बाहेर पडायला जागा मिळत नाही. अशा एका कोठीत साधारण 100 किलो माल मावतो. भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याने शेतात बांधावी अशी ती आहे: संध्याकाळी तोडलेली भाजी रात्रभर आत ठेवून पहाटे बाजाराला नेता येते.

घरासाठी तिचंच छोटं रूप पुरतं. उत्तर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने 1990 नंतरच्या दशकात एका मोठ्या मातीच्या भांड्यात दुसरं लहान भांडं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि अशी हजारो भांडी गावोगाव पोचवली. या कामासाठी त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. तीन दिवसांत सुकणारी वांगी त्या भांड्यात सत्तावीस दिवस टिकल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. त्यांचा प्रदेशही आपल्यासारखाच उष्ण आणि कोरडा. आपल्याकडे तर प्रत्येक तालुक्याच्या गावात कुंभार आहेत.

दोन भांडी घ्यायची, दोन्ही न रंगवलेली आणि झिलई नसलेली. लहान भांडं मोठ्यात ठेवल्यावर सगळीकडून तीन-चार बोटांची जागा राहिली पाहिजे. तळाशी वाळूचा थर घालून त्यावर लहान भांडं बसवावं आणि भोवतीची फट चाळलेल्या वाळूने भरावी. वाळू ओली ठेवावी. पाणी साचून लहान भांडं तरंगेल इतकी नको. वर धुतलेलं ओलं सुती फडकं किंवा गोणपाट. आतल्या तळाशी एखादी बांबूची चकती किंवा पालथी ताटली ठेवली की भाजी पाझरलेल्या ओलीत बसत नाही. आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: भांडं कुठे ठेवायचं? बरेच जण ते स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात ठेवतात आणि मग ते गार होत नाही म्हणून सोडून देतात. त्याला वारा हवा. ओसरी, मागचं दार, जाळीची खिडकी, जिथे सावली आहे आणि हवा खेळती आहे तिथे, तिवईवर ठेवलेलं बरं, म्हणजे खालूनही हवा लागते.

या भागात एक अडचण हमखास येते. बोअरचं पाणी जड असतं. काही आठवड्यांत भांड्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर चढतो, छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. तो थर काथ्याने किंवा ताठ ब्रशने कोरडा घासून काढावा. साबण लावू नये, कारण माती तो पिऊन घेते. आठ-दहा दिवसांनी आतलं भांडं रिकामं करून उन्हात वाळवलं की बुरशीचा वास लागत नाही. पाण्याची टंचाई असताना भांड्याला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न रास्त आहे. दिवसाला काही तांबे पुरतात, आणि डाळ-तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी वाळूला चालतं. फक्त ते गाळून घालावं आणि वाळू अधूनमधून धुवावी.

मे महिन्यात अशा भांड्याच्या आत 24 अंश मिळतील अशी अपेक्षा करू नका. 28-30 मिळाले तरी पुष्कळ आहे. 42 वरून 28 वर आल्याने भाजीचा श्वास निम्म्याहून मंद होतो. वांगी, भेंडी, दोडका, काकडी, ढोबळी मिरची, कढीपत्ता, अर्धवट पिकलेले टोमॅटो यांना ही जागा फ्रिजपेक्षाही मानवते. कारण थंडीचीही काही भाज्यांना इजा होते, आणि याकडे आपण फारसं लक्ष देत नाही.

केळं 13 अंशांखाली गेलं की साल काळी पडते आणि ते नीट पिकत नाही. कच्चा आंबा तसाच. काकडी सात-आठ अंशांखाली काही दिवस राहिली की तिच्यावर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या बिया तपकिरी होतात. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या या भाज्यांच्या पेशींची आवरणं थंडीने बिघडतात. बाहेर काढल्यावर भाजी एका दिवसात लिबलिबीत होते आणि आपण म्हणतो, फ्रिजमध्येसुद्धा टिकली नाही. टोमॅटोची गोष्ट वेगळी: त्याचा वासच जातो. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठात हॅरी क्ली यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या पिकलेल्या टोमॅटोत सुगंध तयार करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं आणि बाहेर काढून ठेवल्यावरही तो सुगंध पूर्ववत होत नाही. म्हणून टोमॅटो बाहेरच, एका थरात, देठाची बाजू खाली करून ठेवावेत. अगदी पिकून मऊ होऊ लागले आणि दोन दिवसांत वापरणं शक्य नसेल, तेव्हाच फ्रिजमध्ये. बटाट्यालाही फ्रिज नको. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि तळताना काप काळे पडतात.

फ्रिजचा खरा उपयोग पालेभाज्या, गाजर, मुळा, मटार, कोबी, फ्लॉवर आणि पिकलेल्या फळांना. त्यातही खालचा कप्पा, जिथे हवा कमी फिरते. वरच्या फळीवर उघडी ठेवलेली कोथिंबीर वाळते, कारण फ्रिजची हवा कोरडी असते.

पालेभाजीवर थोडं अधिक लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिचीच होते. बाजारात जुडी ताजी दिसावी म्हणून विक्रेते तिच्यावर पाणी मारत राहतात. घरी आल्यावर आपण ती तशीच पिशवीत कोंबतो आणि तिथे ती सडायला सुरुवात होते. पानाच्या आतलं पाणी टिकायला हवं, पानावरचं पाणी मात्र जायला हवं. भाजी टिकवण्यातली अर्धी मेख इथेच आहे. जुडी आणल्या आणल्या सोडा. पिवळी, कुसकरलेली, चिखलाने माखलेली पानं काढा. जुनी सुती साडी किंवा पंचा पसरून त्यावर पंख्याखाली अर्धा तास भाजी पसरा, वरचा ओलावा गेला पाहिजे. मग कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. धुणं, चिरणं हे त्या दिवशीच्या स्वयंपाकापुरतंच. मेथीची मुळं काढली तरी चालतात. कोथिंबिरीची मुळं मात्र ठेवावीत. फ्रिज नसेल तर कोथिंबीर मुळांपुरत्या पाण्यात उभी करून तिच्यावर ओलसर फडकं सैलसर टाकावं आणि पाणी रोज बदलावं. अंबाडी, जिला इकडे पुंडी म्हणतात, तिची पानं आंबट आणि जाडसर असल्यामुळे मेथीपेक्षा जास्त तग धरतात. शिवाय पुंडीची भाजी शिजवून दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागते असं म्हणणारी घरं कलबुर्गीत भरपूर आहेत. भाजी गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये. छपाईच्या शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये वर्तमानपत्रात अन्न बांधण्याविरुद्ध सूचना काढली होती.

प्लास्टिकच्या पिशवीबद्दल काय? तिचं उत्तर या भागातल्या एका जुन्या गोष्टीत सापडतं. काळ्या मातीच्या या गावांत पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या पेवात भरून ठेवत. तोंड बंद केल्यावर धान्य आणि त्यातले किडे आतला ऑक्सिजन वापरून टाकत, कार्बन डायऑक्साइड साचे, किडे गुदमरून मरत आणि धान्य वर्षानुवर्षं राही. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी दिवा सोडून पाहत, कारण तो विझला तर माणूसही आत जगणार नाही हे अनुभवाने ठाऊक होतं. युरोपात हेच तत्त्व फळांना लागू झालं: 1821 मध्ये फ्रान्समधल्या बेरार यांना दिसलं की ऑक्सिजन नसेल तर फळ पिकत नाही, आणि पुढे 1920 नंतरच्या काळात केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट यांनी हवेतले वायू बदलून सफरचंदं महिनोन्‌महिने टिकवण्याची पद्धत बसवली. घरातल्या पिशवीत भाजी तेच करते. स्वतःच्या श्वासाने आतली हवा बदलते. पण ज्वारी सुकी असते आणि मेथी ओली. ऑक्सिजन पूर्ण संपला की ओली भाजी आंबते, तिला दारूसारखा वास येतो. म्हणून पिशवी बांधायची असेल तर तिला सात-आठ छिद्रं हवीत आणि आत कोरडं कापड हवं.

आता फळं. मृगाच्या आधी आंब्याची आढी घालणं या भागात अजूनही चालतं. खोलीच्या कोपऱ्यात गवत, त्यावर पाडाचे गावरान आंबे, पुन्हा गवत. आढी पिकते ती उबेमुळे, हे खरं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आंब्यातून निघणारा इथिलीन वायू तिथे कोंडून राहतो. या वायूचा शोध गमतीदार वाटेने लागला. सेंट पीटर्सबर्गला 1901 मध्ये दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकाला दिसलं की गॅसच्या दिव्यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं आडवी वाढतात. दोष दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा निघाला. पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं हे रिचर्ड गेन यांनी 1934 मध्ये सिद्ध केलं. आंबा, केळं, पेरू, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही तोडल्यावरही पिकणारी फळं, आणि ती पिकताना जास्तीत जास्त इथिलीन सोडतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, मोसंबी, लिंबू ही तोडल्यावर पिकत नाहीत. आंबट आणली तर आंबटच राहतात.

घरातला नियम यातून आपोआप निघतो. पिकणाऱ्या फळांच्या शेजारी पालेभाजी, काकडी, वांगी, कोबी ठेवू नये. केळ्याच्या घडाशेजारची मेथी दोन दिवसांत पिवळी पडते ती मेथीच्या दोषाने नव्हे. उलट कच्चा पेरू किंवा पपई लवकर हवी असेल तर ती पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावी. एक फळ सडलं की बाजूची सडतात, त्याला बुरशीबरोबर हा वायूही कारण आहे. म्हणून रोज सकाळी टोपली चाळून मऊ पडलेलं फळ काढून घेणं हाच उत्तम उपाय. पेरूला तर खास जपावं. काढणीनंतरच्या नुकसानीची जी देशव्यापी पाहणी लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने केली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात फळं-भाज्यांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान पेरूचं आढळलं, 15.88 टक्के, टोमॅटोचं 12.44.

सीताफळ आश्विन-कार्तिकात डोंगरउतारावरून बाजारात येतं आणि तिथे टोपल्या विकत घेण्याचा मोह आवरत नाही. निवडताना डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पिवळट-पांढऱ्या झालेले, पण दाबल्यावर अजून घट्ट असलेले घ्यावे. मिटलेल्या डोळ्यांचं फळ मऊ होईल पण गोड होणार नाही. घट्ट फळ फ्रिजमध्ये ठेवलं की साल काळी पडते आणि गर दगडासारखा राहतो. बाहेर पिकू द्यावं आणि पिकल्यावर एखाद-दुसरा दिवस फ्रिजमध्ये. टोपलीतली सगळी फळं एकदम पिकू नयेत म्हणून निम्मी गवतात झाकून आणि निम्मी उघड्या परडीत ठेवावीत.

आंबा-केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरणाऱ्यांबद्दल गप्प राहणं बरोबर नाही. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांनी त्यावर बंदी आहे. सालीवर सगळीकडे एकसारखा पिवळा रंग आणि आत मात्र कच्चट, बेचव गर असेल तर तो माल पुन्हा त्या गाड्यावरून घेऊ नये.

कांदा-लसणाला वर सांगितलेलं काहीच लागू पडत नाही, कारण ते झोपलेले असतात. त्यांना कोरडं, अंधारं आणि हवेशीर हवं. कांद्याची मान पूर्ण वाळलेली नसेल तर तिथूनच तो कुजतो. या तुरीच्या मुलखात तुराट्यांना तोटा नाही: तुराट्यांचा मांडव किंवा चटई करून ती विटांवर उचलून ठेवली आणि त्यावर कांदा एका थरात पसरला, की खालून हवा खेळते. बटाटे वेगळे, पोत्याखाली, उजेड न लागता. उजेडाने हिरवे पडलेले बटाटे विषारी होतात, तो भाग खोल कापून टाकावा किंवा बटाटाच टाकावा. लाल भोपळा देठासकट असेल तर शिंक्यात महिनोन्‌महिने टिकतो. हिरव्या मिरचीचं उलट: तिची सड देठापासून सुरू होते, म्हणून देठ खुडून, पुसून, कापड घातलेल्या डब्यात ठेवावी.

आलं बिदर जिल्ह्यातलं महत्त्वाचं पीक आहे. शेतकरी बियाणाचं आलं कसं ठेवतो ते पाहिलं तर घरी काय करायचं ते कळतं. सावलीत खड्डा, त्यात वाळू किंवा लाकडाच्या भुशाचे थर, मधे आल्याचे गड्डे, आणि वर हवा जायला जागा. घरी जुन्या कुंडीत किंचित ओलसर वाळू घेऊन त्यात न धुतलेलं आलं पुरून ठेवलं की ते सुरकुतत नाही. कोंब आला तरी घाबरू नये, कोंब काढून वापरावं.

पावसाळा लागला की हा सगळा डाव उलटतो. जुलै ते सप्टेंबर ओल्या वाळूचं भांडं उपडं करून ठेवावं. आता शत्रू वाळणं नव्हे, बुरशी आहे. भाजीला फक्त कोरडं कापड आणि पंखा. कांदे आठवड्याला वरखाली करावे. एकावर एक काही रचू नये. बुरशी आलेलं मऊ फळ कापून उरलेला भाग खाऊ नये, कारण मऊ गरात तिचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

बाजारच्या दिवशी घरी आल्यावर पिशवी रिकामी करतानाच आठवड्याचा क्रम ठरवला तर वर सांगितलेलं निम्मं काम वाचतं. पहिले दोन दिवस मेथी, पालक, शेपू, चुका. मग भेंडी, गवार, दोडका, वांगी. शेवटी कोबी, गाजर, भोपळा, बटाटा. कोबी पहिल्या दिवशी शिजवून मेथी सहाव्या दिवसापर्यंत ठेवायची, असं अनेक घरांत होतं, कारण मेथी निवडायला वेळ लागतो. तो वेळ बाजारच्याच संध्याकाळी काढावा, घरातल्या सगळ्यांनी मिळून. हे काम एकट्या बाईचं समजलं जातं तोवर भाजी सडतच राहील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठ दिवसांतही न संपणारं जे उरतं, त्याचं वाळवण. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, या सीमाभागाचा मोठा सण. शेतात जेवण असतं आणि त्यात असंख्य पालेभाज्या, ओला हरभरा, कोवळ्या शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी. तेव्हा रानात भाजी उदंड असते आणि बाजारात तिला भाव नसतो. मेथी याच दिवसांत वाळवून ठेवावी, पण सावलीत. कडक उन्हात तिचा हिरवा रंग आणि अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन दोन्ही उडतात. गवार, भेंडी, कारलं, वांगी यांच्या काचऱ्या करायच्या तर त्या आधी दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून काढाव्यात. त्याने भाजीतली विकरं थांबतात, रंग टिकतो आणि काचऱ्या लवकर वाळतात. भरलेल्या सांडग्या मिरच्या, कैरीची आंबोशी, खारवलेली चिंच यांना मात्र एप्रिल-मेचं खणखणीत ऊन हवं. वर पातळ मलमलीचं कापड, म्हणजे धूळ आणि माश्या नाहीत, आणि संध्याकाळी सगळं आत, कारण रात्रीच्या दवाने दिवसभराची वाळण वाया जाते. मुठीत घेतलेली काचरी वाकली तर ती अजून ओली आहे. कडकन मोडली तरच डब्यात भरावी, आणि भरण्याआधी पूर्ण थंड होऊ द्यावी, नाहीतर तिच्याच वाफेने डब्यात बुरशी धरते. पहिल्या आठवड्यात डबा उघडून झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावून पाहावा. तिथे दमटपणा लागला तर सगळं काढून पुन्हा एक ऊन द्यावं, आणि पावसाळ्यात श्रावणातलं एखादं लख्ख ऊन पडलं की आणखी एकदा.